मागे ओढायची खिटी

कोणाच्याही घरी चहा आला की काका आधी कपाच्या कानात बोट घालून बघायचे. पिणं नंतर. तर्जनी आत सरकवायची, कानाच्या आतल्या कडेवरून हळू फिरवायची आणि मग यजमानीणबाईंकडे बघून म्हणायचं, "कप देखणा आहे. पण बोटाला विचारा." शेजारून काकू म्हणायच्या, "तुमचा चहा गार होतोय."

कपाचं सोडा, कात्री, बादलीची कडी, मेट्रोत डोक्यावर लोंबणारा धरायचा गोल, कशातही त्यांचं बोट जायचं. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. शिंपी समोरच्याच्या चेहऱ्याआधी खांदे बघतो, चांभार पायांकडे बघतो. काकांचा धंदा मात्र आपल्या लोकांत विरळा. ते रायफलीचे भाग डिझाइन करत.

सगळी रायफल नाही. शिकाऱ्याच्या हाताच्या आणि खांद्याच्या मापाने एकेक रायफल घडवून देणारे कारागीर असतात, त्यांना लागणारा पोटाकडचा भाग. काडतुसं जिच्यात बसतात ती पेटी म्हणजे मॅगझिन, तिच्या तळाचं बिजागरीचं झाकण, आणि त्याला लागूनच चापाभोवतीची कमान, जिला ट्रिगर गार्ड म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यातून आम्ही ते कोरून काढत असू. बरेचसे परदेशी जायचे, थोडे जपानातल्याच डोंगरातल्या शिकाऱ्यांकडे.

नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे मी नागोयाला आले होते. पुण्यात मशीनचे प्रोग्रॅम लिहायची, इथे घरात बसून कचऱ्याचे प्रकार पाठ करत होते. निळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय. गणपतीला मराठी मंडळी जमली तेव्हा काकांची ओळख झाली. कुणीतरी विचारलं, "तुम्ही काय करता?" काका म्हणाले, "कड्या बनवतो." एका बाईंनी लगेच त्यांच्या कपाटाची कडी निसटते म्हणून सांगितलं, आणि पुढच्या रविवारी काकांनी खरोखरच जाऊन ती बसवून दिली. मी प्रोग्रॅम लिहिते हे कळल्यावर म्हणाले, "मग घरात काय करतेस? ये आमच्याकडे." अशी मी गिफूच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या त्या छोट्या कारखान्यात गेले.

काका मूळचे कोल्हापूरचे. शिकून तरुणपणीच मोटारींच्या कामासाठी जपानला आले, ते काम संपलं तसे या कारखान्यात शिरले आणि तिथलेच झाले. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी मला स्टेशनवरून गाडीत घ्यायचे. गाडीत काकूंच्या हातचा आल्याचा चहा थर्मासमध्ये असायचा. तासभराच्या रस्त्यात ते कधी तांबड्या रश्श्याबद्दल बोलत, कधी एखाद्या कोपऱ्याच्या गोलाईबद्दल, आणि दोन्हींबद्दल सारख्याच आवाजात.

त्यांच्या ड्रॉइंगमध्ये बोट दिसायचं. चापाच्या कमानीची आतली कड किती गोल हवी, जाड हातमोजा घातलेलं बोट आत शिरताना कुठे अडेल, यावर ते आठवडा घालवत. ऐन जूनच्या दमट उकाड्यात लोकरीचे हातमोजे घालून टेबलाशी बसलेले काका मी पाहिले आहेत. मालक, ज्यांना आम्ही सगळे शाचो-सान म्हणत असू, येता जाता तो प्रकार बघून पंखा त्यांच्याकडे वळवून जात.

आणि या माणसाने आयुष्यात एकदाही बार काढला नव्हता. जपानात परवान्याशिवाय रायफलीला हात लावता येत नाही. परवाना शाचोंकडे होता. जोडणी डोंगरातला एक बंदूक कारागीर करायचा. काकांना ते अजिबात खुपत नव्हतं. "गाभारा बांधणाऱ्या गवंड्याने पुढे बाहेरूनच हात जोडायचे असतात," म्हणायचे.

हट्टी मात्र होते. त्यांच्या हट्टाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मॅगझिनचं तळाचं झाकण एका खिटीने बंद राहतं. शिकार संपली, रस्त्यावर यायचं झालं की रायफल रिकामी करावी लागते, तसा तिथे नियमच आहे. मग कमानीच्या आतून ती खिटी पुढे दाबायची, झाकण उघडतं, काडतुसं तळहातावर पडतात. काकांच्या खिटीची स्प्रिंग भलतीच कडक असे. कारागिराचा फोन यायचा की म्हाताऱ्या शिकाऱ्यांची तक्रार आहे, थंडीत बोटं आखडतात, खिटी दबत नाही. जपानात डोंगरात उरलेले शिकारी बहुतेक म्हातारेच. काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि नाही म्हणायचे. खिटी सैल म्हणजे दार उघडं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बार उडाल्याच्या धक्क्याने झाकण उघडलं आणि काडतुसं जमिनीवर सांडली तर त्या रायफलीची काठी होते. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कारागिरालाही ते ठाऊक होतं. तो फोनवर नुसता उसासा टाकायचा.

त्या वर्षी अस्वलं फार खाली येत होती. डोंगरातली गावं ओस पडत चालली, शेतं पडीक, राहिलेत ते सत्तरी ओलांडलेले. टीव्हीवर रोज कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी असायची. डिसेंबरच्या सुरुवातीला, पहिला बर्फ पडून गेल्यावर, कारखान्यापासून दोन खोरी पलीकडच्या एका गावात अस्वल घरांच्या मागे येऊन बसलं. नगरपालिकेने गावातल्या शिकाऱ्याला बोलावलं. तो गावातला शेवटचा रायफलवाला, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्याचा धाकटा भाऊ वाट दाखवायला बरोबर गेला. भावाने आपला परवाना पूर्वीच परत केला होता, त्याच्या हातात नुसती काठी होती.

पहिली गोळी अस्वलाला लागली पण ते पडलं नाही. म्हाताऱ्याने दुसरी भरण्यासाठी बोल्टचा दांडा ओढला, तर मॅगझिन रिकामी. झाकण उघडून लोंबत होतं आणि काडतुसं पायाशी बर्फात पडली होती. अस्वल भावाच्या अंगावर गेलं. तो दवाखान्यात पोचेपर्यंत गेला.

झाकण आमच्या कारखान्याचं होतं. खिटी काकांची होती.

पोलिसांचं तपासून झाल्यावर कारागिराने तो भाग शाचोंसमोर टेबलावर ठेवला, तेव्हा मी तिथेच होते. खिटीचा दात, जो झाकणात अडकतो, तो कानसीने घासून निम्मा केला होता. चमक स्पष्ट दिसत होती. कारागीर म्हणाला की हे माझं काम नाही, शिकाऱ्याने घरीच घासलेलं दिसतंय. शाचोंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. दोष कारखान्याचा नव्हता. पोलिसांचंही तेच मत पडलं होतं.

काकांनी तो भाग हातात घेतला, घासलेल्या दातावरून बोट फिरवलं आणि परत ठेवून दिला. संध्याकाळी गाडी सुरू केली आणि तशीच चालू ठेवून बसून राहिले.

"त्याने घासली, हे सगळ्यांनी बघितलं," ते म्हणाले. "त्याने कानस हातात का घेतली, हे कुणी विचारलं नाही."

मी म्हटलं की काका, यात तुमची काय चूक. ते म्हणाले, "पोरी, चूक नाही. पण भाग माझाच आहे."

त्यांनी शिकाऱ्याला भेटायला जायचं ठरवलं. शाचोंनी हात जोडून नको म्हटलं. तिथे माफी मागायला जाणं म्हणजे दोष पत्करणं, मग कारखान्यावर काय काय येईल सांगता येत नाही. शाचो वाईट नव्हते, त्यांच्यावर आमची सगळ्यांची चूल होती. काकांनी ऐकून घेतलं, मान लववली. मग शनिवारी सकाळी मला फोन करून विचारलं, "गाडी तू चालवशील का? माझे हात आज नीट नाहीत."

गाव म्हणजे उतारावरची वीसेक घरं, त्यातली निम्मी बंद. शिकारी आजोबांनी स्वतःच दार उघडलं. लहानखुरा, ताठ बसणारा माणूस, बोटं गाठींनी वाकडी झालेली. आतल्या खोलीत घरातल्या छोट्या देव्हाऱ्याशी भावाचा फोटो होता, पुढे उदबत्ती. काकांनी उदबत्ती लावली, मग गुडघ्यांवर बसले आणि कपाळ चटईला टेकवलं. आपण ही खिटी डिझाइन केली एवढंच त्यांनी सांगितलं. बाहेर छपरावरून बर्फ घसरल्याचा आवाज आला.

"खिटी मी घासली," आजोबा म्हणाले. "माझ्या हाताने, याच खोलीत बसून. भाऊ समोर बसून चहा पीत होता. माझी बोटं वळत नव्हती, त्याला हसू येत होतं."

काकांनी कपाळ वर उचललं नाही. "तुमची बोटं वळत नाहीत, हे कारागिराने मला फोनवर सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

दोन म्हातारी माणसं, दोघंही तो भार आपल्याकडे ओढत होती, आणि दुसऱ्याला द्यायला कुणीच तयार नव्हतं. मी कोपऱ्यात बसून चटईची किनार बघत राहिले. शेवटी आजोबांनीच किटली आणली. चहा ओतताना किटली त्यांच्या बोटांतून कलली, तेव्हा काकांनी पुढे होऊन किटलीच्या बुडाला हात लावला. निघताना आजोबा दारापर्यंत आले आणि आम्ही वळणाआड होईपर्यंत वाकून उभे राहिले.

सोमवारी शाचोंनी काकांना एवढंच विचारलं, "रस्ता बरा होता का?" कुणी सांगितलं होतं, देव जाणे. काका हो म्हणाले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर काकांनी ती खिटी मुळापासून पुन्हा मांडली. मला समजावताना त्यांनी बसचं उदाहरण दिलं होतं. थांबलेली बस एकदम पुढे सुटली की उभी माणसं मागे पडतात. बार उडाला की रायफल मागे जाते, म्हणजे तिच्यातली जी वस्तू सैल आहे ती पुढे पडणार. आमची खिटी पुढे दाबून उघडायची होती. म्हणजे प्रत्येक बार तिला उघडायलाच मदत करत होता, आणि तो जोर अडवायला एवढी कडक स्प्रिंग लागत होती. "मग मी तिला मागे ओढून उघडायची केली तर?" ते म्हणाले. "धक्का तिला आणखी घट्ट धरेल. स्प्रिंग कितीही मऊ ठेव."

इतकं साधं होतं ते. हे आधी सुचलं असतं तर, असं ते कधी मोठ्याने बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

मागे ओढायला जागा करायची म्हणजे कमानीचा सगळा पुढचा भाग बदलणं आलं. ड्रॉइंग झाली, बदलली, पुन्हा झाली. मी प्रोग्रॅम लिहीत होते आणि ते शेजारी हातमोजे घालून उभे असत. दोन बोटं दोऱ्याने एकमेकांना बांधून खिटी ओढून बघत, कारण आजोबांची तशीच वळतात असं त्यांना दिसलं होतं. पहिला नमुना शाचोंनी नेमबाजीच्या रेंजवर नेला आणि परत येऊन काकांपुढे ठेवून म्हणाले की खिटी एकदाही हलली नाही. काकांनी मान डोलावली. पूर्वी असं काही जमलं की ते सगळ्यांना मेलन ब्रेड, म्हणजे तिथला गोड पाव, आणायचे. त्या दिवशी आणला नाही.

तो नमुना घेऊन आम्ही पुन्हा गावात गेलो, तेव्हा वसंत लागला होता. आजोबांनी तो हातात घेतला, वाकड्या बोटाने खिटी ओढली. झाकण अलगद उघडलं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि मग सांगितलं की त्यांनी परवाना परत केला आहे. रायफल पोलिसांकडे जमा झाली, आता ती कापून टाकतील. ही खिटी दुसऱ्या कुणाला द्या, चांगली आहे.

"मग गावात रायफल कुणाकडे?" काकांनी विचारलं.

"कुणाकडेच नाही," आजोबा म्हणाले.

परतताना काका खिडकीबाहेर बघत होते. बंद घरांच्या मागे झाडं होती. ती काकीची, म्हणजे जपानी पर्सिमन या केशरी फळाची, असं आजोबांनी सांगितलं होतं. घरं ओस पडली तरी झाडं दर शरदात लगडतात, कुणी उतरवत नाही, आणि अस्वलं येतात ती त्या फळांना. फळं वेळेत काढली तर ती खाली येत नाहीत. पण काढणार कोण? शिडीवर चढेल असं माणूस गावात नव्हतं.

ऑक्टोबर लागला आणि काका दर रविवारी त्या गावात जाऊ लागले. उंच माणूस, हात लांब. शिडी, आकडीची बांबूची काठी, डोक्याला पंचासारखा बांधलेला टॉवेल. आजोबा खालून पोती धरायचे. दोघं फारसं बोलत नसत. एकदा आजोबांनी रानडुकराच्या मटणाचा रस्सा केला, तर काकांनी खिशातून कोल्हापुरी मसाल्याची पुडी काढली आणि आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्यात ओतली. त्यांनी वाटी संपवली आणि पुढच्या रविवारी पुडीबद्दल स्वतः विचारलं. दिवाळीला काकूंनी चकल्या पाठवल्या. आजोबांच्या दातांना त्या झेपेनात, तर त्यांनी त्या चहात बुडवून खाल्ल्या.

नागोयातल्या मराठी घरांना त्या दिवसांत काकीचा वीट यायचा. तुरट फळं काकू सोलून दोऱ्याला ओवून बाल्कनीत वाळत घालायच्या. कुणी बर्फी केली, कुणी चटणी. आम्ही हसायचो. काका पोत्यावर पोतं आणायचे. त्या गावात पुढच्या शरदांत अस्वल आलं नाही. ते फळांमुळे की असंच, कोण सांगणार? काकांना तो प्रश्न आवडायचा नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचं वजन उतरायला लागलं. जेवण नकोसं झालं, मग पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. काकू कोल्हापूरला जाऊ म्हणाल्या. काका म्हणाले, तिथे आता मला ओळखतं कोण, ते मला विचारतील तू तिकडे काय करत होतास, आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. दवाखान्यात मी भेटायला गेले की कारखान्यातलं विचारत. नवी खिटी आता सगळ्या रायफलींवर बसते, परदेशातूनही तीच मागतात, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण डोळ्यांत काही हललं नाही. मग म्हणाले, "त्याचा भाऊ मासे फार छान भाजायचा म्हणे. आजोबा सांगत होते." आणि भिंतीकडे वळून झोपले.

सप्टेंबरच्या शेवटी ते गेले.

अग्नी दिल्यानंतर तिथे अस्थी घरच्यांनीच वेचायच्या असतात. दोन माणसांनी दोन बाजूंनी चॉपस्टिक्सने एक अस्थी एकत्र उचलायची आणि कलशात ठेवायची. तिथल्या माणसाने काकूंच्या हातात चॉपस्टिक्स दिल्या आणि अदबीने विचारलं, जोडीला कोण? काकू भांबावल्या. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत, शाचोंच्याही मागे, काळ्या सुटात आजोबा उभे होते. पहाटे दोन बस बदलून आले होते. काकूंनी त्यांना हाताने बोलावलं. त्यांची वाकडी बोटं त्या काड्यांवर नीट बसेनात. काकू थांबल्या. आजोबांनी दोन्ही हातांनी काड्या धरल्या, आणि मग दोघांनी मिळून पहिली अस्थी उचलली.

ऑक्टोबरात काकूंना मी गावात घेऊन गेले. जायचं त्यांनीच म्हटलं. मला वाटलं होतं झाडं लगडलेली असतील. पण आम्ही पोचलो तेव्हा आजोबा आधीच काठी घेऊन एका झाडाखाली उभे होते, धापा टाकत. रोज थोडं थोडं करत त्यांनी खालच्या फांद्या बहुतेक रित्या केल्या होत्या. वरचा शेंडा तसाच होता, केशरी फळांनी भरलेला.

"तिथपर्यंत त्यांचा हात पोचायचा," आजोबा म्हणाले.

काकूंनी मला पर्स दिली आणि शिडी चढायला लागल्या. मी आणि आजोबा शिडी धरून उभे. काकू कधी झाडावर चढल्या नसतील. एकेक पायरी पाय चाचपत वर गेल्या, काठी पुढे केली आणि फळं पाडू लागल्या. ती धपधप पानांत पडत होती. मधेच त्या थांबल्या, फांदीला धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. आजोबांनी शिडीवरची पकड घट्ट केली आणि खाली बघत राहिले.

पाचला गावाच्या भोंग्यातून सूचना झाली, अंधार पडतोय, अस्वलांपासून सावध राहा, घरी जा. काकू उतरल्या. पोती गाडीत टाकली. शेंड्यावर पाचसहा फळं राहिली होती, काठी कितीही ताणली तरी तिथे जात नव्हती. आजोबा म्हणाले राहू दे. गाडी वळणावर आली तेव्हा काकूंनी काच खाली केली आणि मागे वळून बघत राहिल्या. घर, आजोबा, शिडी, सगळं काळोखात गेलं होतं. फळं तेवढी अजून दिसत होती.